डंप ट्रेलरची धुलाई आणि देखभाल: हौदा, जॅक, ग्रीस, गंज

रानवाट

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन अॅक्सलचा डंप ट्रेलर आहे. पुढच्या पेटीत बॅटरी आणि पंप, हौद्याखाली तो उचलणारा एकच हायड्रॉलिक जॅक. माती, मुरूम, शेणखत, पाडकामाचा राडारोडा असं सगळं त्यातूनच जातं, त्यामुळे तो कधीच धड स्वच्छ नसतो. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत मातीचा थर इतका घट्ट बसलाय की हौदा पूर्ण उचलला तरी हलत नाही. फाळक्याच्या बिजागरीत खडी अडकते. तळाच्या पत्र्याला आतून खपल्या धरल्यात.

आता नवा प्रेशर वॉशर घेतलाय. सुरुवात कुठून करू? कुठे पाणी मारायचं, कुठे नाही? आणखी एक, हौदा अर्ध्यावर थांबवला की हळूहळू आपोआप खाली येऊ लागतो. जॅकभोवती तेल मात्र कुठेच दिसत नाही. हे कशानं होत असेल?

वर्कशॉपवाला

बाकी सगळं नंतर. हौदा आपोआप खाली येतोय ना, मग तो दुरुस्त होईपर्यंत त्याच्याखाली डोकं काय, हातही घालू नका. आणि दुरुस्त झाल्यावरही लोखंडी टेकू लावल्याशिवाय घालू नका. जॅकच्या भरवशावर कोणीही हौद्याखाली शिरू नये. होज (तेलाची रबरी नळी) फुटली, कोणाचा हात चुकून बटणावर पडला, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, तर हौदा खाली यायला क्षणभर पुरतो. रिकामा हौदासुद्धा माणसाला चेपायला भरपूर जड असतो.

ट्रेलरला कंपनीचा टेकू असेल तर तो रिकाम्या हौद्यासाठीच असतो, भरलेल्या नाही. टेकूच्या दोन्ही टोकांची वेल्डिंग आणि पिन आधी बघा. टेकू उभा केला की हौदा त्याच्यावर अलगद टेकवा, मग बॅटरीचा मेन स्विच बंद करा. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि ट्रेलर गाडीला जोडलेलाच राहू द्या. लाकडाचा ओंडका, विटांचा थर किंवा गाडीचा छोटा जॅक म्हणजे टेकू नव्हे.

पाना_पकड

वर्कशॉपवाले दादांशी शंभर टक्के सहमत. आता धुण्याबद्दल लिहितो, कारण बहुतेक जण इथे उलट्या क्रमानं जातात. वॉशर आणला की थेट पाणी सुरू. मातीच्या जाड थरावर पाणी मारलं की अर्धी माती चिखल होऊन चॅसिसच्या चॅनलमध्ये, हौदा ज्यावर फिरतो त्या मागच्या पिनेत आणि वायरिंगवर जाऊन बसते. वरून हौदा स्वच्छ दिसतो, पण गंज खालून सुरू होतो.

म्हणून आधी कोरडं काम. फावडं, खरवडणी, खराटा. कोपऱ्यातला थर बाहेरून लाकडी किंवा रबरी हातोड्यानं ठोकून सुटा करायचा. लोखंडी घण मारला की पत्र्याला पोचे पडतात आणि पुढच्या वेळी माती त्याच पोच्यांत धरते. चॅनलच्या आतला चिखल वाळला असेल तर हवेच्या नळीनं उडवा, डोळ्यांवर चष्मा हवाच.

हा थर नुसता दिसायला वाईट असतो असंही नाही. ३ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद हौद्यात सगळीकडे २ सेंटीमीटर ओली माती चिकटली तर तिचं वजन जवळपास दोनशे किलो भरतं. तेवढं वजन प्रत्येक फेरीला फुकट ओढायचं. त्याहून वाईट म्हणजे हा थर पुढच्या एका कोपऱ्यात जास्त असेल तर हौदा उचलल्यावर तो सगळ्यात उंच जागी आणि एका बाजूला राहतो. मागचा माल निघून गेलेला, पुढचा अडकलेला, जमीन जरा तिरकी किंवा एका टायरमध्ये हवा कमी असली की ट्रेलर कलंडतो. माल अडकला म्हणून हौदा वर ठेवूनच गाडी झटके देत पुढे-मागे करणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. हौदा खाली घ्या, माल सुटा करा, मग पुन्हा उचला. दर फेरीनंतर कोपरे खरवडले तर ही वेळच येत नाही.

कोरडं काम झालं की पाणी. हौदा थोडा उचलून पुढून मागे धुवत यायचं, म्हणजे घाण फाळक्यातून बाहेर पडते. पंख्यासारखा फवारा देणारी नोझल लावा, २५ किंवा ४० अंशांची. सुईसारखी एकच धार सोडणारी नोझल रंग उचकटते, टायरच्या बाजूला जवळून मारली तर टायरही खराब करते.

रानवाट

टेकूचं लक्षात आलं. आमच्याकडे कंपनीचा टेकू आहे, पण त्याची पिन गंजून जाम झालेली. आधी तीच सोडवतो.

पाणी कुठे मारू नये, हे जरा सविस्तर सांगाल का?

पाना_पकड

जॅकच्या दांड्याभोवती जे रबरी सील असतं तिथे थेट धार नको. ते सील दांड्यावरची धूळ आत जाऊ नये म्हणून असतं, इतक्या जोराचं पाणी अडवायला नाही. पाणी आत शिरलं की तेलात मिसळतं. दांडा मऊ कपड्यानं पुसायचा, बस. त्याला तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रंग यातलं काहीही लावायचं नाही. क्रोमवर एक ओरखडा पडला की प्रत्येक वेळी आत-बाहेर होताना तो सील कापत राहतो.

चाकांच्या हबवरही, म्हणजे बेअरिंग असतं त्या मधल्या भागावर, जवळून धार नको. आणि लांबून आल्या आल्या गरम हबवर गार पाणी अजिबात नको. गरम हब एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बेअरिंग गंजायला एवढं पुरतं. मी नेहमी हात लावून हब गार झालाय का बघतो, मगच पाणी.

तिसरी जागा म्हणजे पंपाची पेटी. तेलाच्या टाकीच्या झाकणाला हवा येण्या-जाण्यासाठी बारीक छिद्र असतं, तिथून पाणी सहज आत जातं. पेटी बाहेरून ओल्या फडक्यानं पुसा. दिव्यांचे कनेक्टर आणि ब्रेकच्या वायरींचे जोड यांनाही जोराच्या पाण्यापासून लांब ठेवा.

शेतकरी_गडी

आमची ट्रॅक्टरची हायड्रॉलिक ट्रॉली आहे, बॅटरी-पंपाची भानगड नाही. आम्ही हौद्याला आतून इंजिनचं जुनं काळं ऑईल फासतो. शेणखत चिकटत नाही, गंजही धरत नाही. बरीच वर्षं चाललंय. पटत नसेल तर सोडून द्या.

मातीमोल

शेतकरी_गडी, इथे मात्र विरोध नोंदवते. जुन्या इंजिन ऑईलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि जळलेलं तेल असतं. ते शेणखतातून, मातीतून थेट शेतात उतरतं. पहिल्या पावसात उरलेलं वाहून ओढ्याला लागतं. आणि त्याच्यावर धूळ बसली की चिकट काळा लेप तयार होतो, तोच ओल धरून ठेवतो. गंजावर उपाय म्हणून जे लावलं, त्याच्याखालीच गंज धरतो.

माल चिकटू नये म्हणून भरण्याआधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारा. शेणखत-मातीला तो बऱ्यापैकी पुरतो. मोसम संपल्यावर ट्रेलर उभा करायचा असेल तर कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर खाद्यतेलाचा अगदी पातळ हात फिरवला तरी चालतो. गरम डांबर-खडी वाहणाऱ्यांनी डिझेल मारू नये, ते डांबर विरघळवतं आणि रस्त्याचं काम कच्चं राहतं. त्यासाठी वेगळी द्रावणं मिळतात.

धुतलेलं पाणी कुठे जातंय तेही बघा. विहिरीपासून, गटारापासून लांब, जिथे गाळ खाली बसून पाणी मुरेल अशा जागी धुवा.

शेतकरी_गडी

ओढ्याचा मुद्दा बरोबर आहे, आमची धुवायची जागा ओढ्याला लागूनच आहे. साबणाचं पाणी करून बघतो.

रानवाट

मधेच विचारतो, काँक्रीटचं काय? पाडकामाच्या कामावर उरलेलं ओलं काँक्रीट कोणीतरी हौद्यात टाकलं, ते दगड झालंय. एकानं अॅसिड मारायला सांगितलंय.

लोहारशाळा

अॅसिड नको. मिठाचं अॅसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, काँक्रीट खातं हे खरं, पण लोखंड, गॅल्व्हनाइझ्ड भाग आणि जॅकचं क्रोमही खातं. वेल्डिंगच्या फटीत शिरलेलं अॅसिड कितीही धुतलं तरी थोडं उरतंच आणि पुढे महिनोन्‌महिने गंज काढत राहतं. त्याची वाफ श्वासात गेली तर वेगळाच त्रास.

छोटी चिपिंग मशीन घ्या, छिन्नी पत्र्याला जवळजवळ समांतर धरा आणि कडेनं आत जा. मधोमध ठोकू नका. ढलपा एकदा कडेनं सुटला की मोठा तुकडा निघतो. काँक्रीट ओलं असतानाच, घट्ट व्हायच्या आत साध्या पाण्यानं धुतलं तर एवढा खटाटोप लागत नाही. ओलं सिमेंट चामडी भाजतं, त्यामुळे हातमोजे आणि गमबूट घाला.

तेलपाणी

आता तुमच्या आपोआप खाली येणाऱ्या हौद्याबद्दल. हायड्रॉलिकचं काम करतो म्हणून थोडं लांब लिहितोय.

आधी जॅक कुठल्या प्रकारचा ते बघा. त्याला एकच होज असेल तर तेल फक्त उचलायला जातं, हौदा वजनानं खाली येतो. अशा जॅकचं सील गेलं तर तेल बाहेर दिसतं, दांड्यावरून ओघळतं किंवा जॅकच्या वरच्या हवेच्या छिद्रातून येतं. तुमच्याकडे बाहेर थेंबही नाही. मग तेल पंपाकडेच परत जातंय, म्हणजे संशय पंपावरच्या व्हॉल्व्हवर. खाली सोडायचा व्हॉल्व्ह बसतो त्या सीटवर कचऱ्याचा एक कण अडकला तरी तो पूर्ण मिटत नाही. दोन होज असतील तर आतलं पिस्टनचं सील हीसुद्धा एक शक्यता असते, ते तपासायला माणूस बोलवा.

व्हॉल्व्ह उघडायच्या आधी हौदा पूर्ण खाली हवा आणि लाइनमधला दाब शून्य हवा. इथे तडजोड नाही.

तेलाची पातळीही हौदा पूर्ण खाली असतानाच बघायची. हौदा वर असताना टाकी कमी दिसते, माणूस तेल भरतो, आणि हौदा खाली आणला की तेल झाकणातून उसळून बाहेर येतं. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी आहे. फेस येत असेल तर कुठूनतरी हवा ओढली जातेय, बहुतेक वेळा पातळी कमी असते. काळं पडून करपल्याचा वास येत असेल तर ते तापून संपलंय. पांढरट तेल नुसतं वरून काढून भागत नाही. टाकी, होज आणि जॅक सगळं रिकामं करून, टाकीच्या तळाचा गाळ पुसून, गाळणी धुऊन मग नवं तेल. कुठलं तेल ते पंपाच्या पुस्तकात बघा, दोन जातींची तेलं एकत्र करू नका.

ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांसाठी वेगळी सूचना. तुमच्या जॅकमधलं तेल ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकचं असतं. ट्रॉली सोडल्यावर होजचं टोक मातीत लोळतं आणि दुसऱ्या दिवशी तसंच जोडलं जातं. ती माती सरळ ट्रॅक्टरच्या पंपात. टोकाला रबरी टोपी ठेवा, जोडायच्या आधी दोन्ही बाजू स्वच्छ फडक्यानं पुसा, आणि होज टांगायला ट्रॉलीवर एक हुक मारून घ्या.

वर्कशॉपवाला

तेलपाणी यांच्या लिहिण्यात एक भर घालतो. होजला गळती आहे का ते बोट फिरवून कधीही बघू नका. अशा सिस्टीममध्ये दाब १५० ते २०० बारच्या घरात असतो. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार डोळ्यांना नीट दिसत नाही, पण चामडीतून सरळ आत घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखी बारीक खूण दिसते, फारसं दुखतही नाही, आणि आत मांस मरत जातं. असं झालं तर दुखत नाही म्हणून थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि तेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्याला तातडीची शस्त्रक्रिया लागते, उशीर झाला तर बोट किंवा हात जाऊ शकतो.

गळती बघायला पुठ्ठ्याचा लांब तुकडा होजजवळ धरा, त्यावर डाग उमटतो. होजच्या वरच्या रबराला चिरा पडून आतली तारेची जाळी दिसत असेल तर ती होज बदलायचीच, टेप गुंडाळायची नाही.

ग्रीसगन

धुऊन झालं की त्याच दिवशी ग्रीसिंग. पाण्यानं पिनेतलं ग्रीस थोडंफार धुतलं जातं आणि पाणी त्याची जागा घेतं. नवं ग्रीस मारलं की ते पाण्याला बाहेर ढकलतं.

निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड, आधी पुसा, नाहीतर गन निप्पलवरची वाळूच आत ढकलते. मागच्या पिनेला ग्रीस मारताना एक गोष्ट करून बघा. हौदा पूर्ण खाली असताना थोडं मारा, मग हौदा काही वेळा वर-खाली करा आणि पुन्हा मारा. पिन एका बाजूनं दाबलेली असते, तिथे ग्रीस पोचत नाही. पिन फिरली की पोचतं. कडेनं आधी तांबूस गंजाचं पाणी येतं, मग काळं जुनं ग्रीस, शेवटी नव्या ग्रीसचा स्वच्छ रंग. तो दिसेपर्यंत मारायचं. निप्पल ग्रीस घेतच नसेल तर ते बदला, छोटीशी वस्तू आहे. तरीही घेत नसेल तर पिन काढून आतली वाट मोकळी करावी लागेल.

हबचं मात्र वेगळं. तिथे दाबून ग्रीस मारलं तर आतलं सील उचकटतं आणि ग्रीस ब्रेकच्या लायनरवर जातं, मग ब्रेक लागत नाही. ज्या हबला बाहेरून निप्पल असतं तिथे चाक उचलून हळूहळू फिरवत सावकाश मारा. तरीही वर्षातून एकदा हब उघडून बेअरिंग धुऊन, निरखून, हातानं ग्रीस भरणं याला पर्याय नाही. रोलरवर निळसर झाक दिसली तर बेअरिंग तापलंय, खड्डे दिसले तर गेलंय; दोन्ही वेळा बेअरिंग आणि त्याची रिंग जोडीनं बदला. सील प्रत्येक वेळी नवंच.

रानवाट

@ग्रीसगन, चाक काढल्यावर नट किती आवळायचे?

ग्रीसगन

ट्रेलरच्या पुस्तकात आकडा असतो, तो टॉर्क पान्ह्यानं लावा, समोरासमोरचे नट घेत. आणि पहिल्या २०-२५ किलोमीटरनंतर थांबून पुन्हा तपासा, मग ८० किलोमीटरच्या आसपास आणखी एकदा. नवीन बसवलेलं चाक थोडं बसतं आणि नट ढिले होतात. थांबलाच आहात तर हबला हात लावून बघा. चारांतला एकच जास्त गरम असेल तर त्याचं बेअरिंग किंवा ब्रेक बघा.

लोहारशाळा

खपल्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हौद्याच्या आतल्या तळाला महागडा रंग लावून उपयोग नाही, खडी तो पहिल्याच फेरीत खरवडते. रंगाचं खरं काम बाहेरून आणि खालून असतं. तळाचे आडवे चॅनल, पत्रा चॅनलवर बसतो ती फट, फाळक्याची खालची कड, मागच्या पिनेची जागा. टोकदार हातोडीनं खालून हलकं टकटक करत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा ठीक, बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलाय.

सुटा गंज तारेच्या ब्रशनं किंवा ग्राइंडरनं काढा, चमकदार धातू लागेपर्यंत. खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचं गंजरोधक द्रावण चालतं, पण त्याच्या डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. मग झिंकचा प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात. ओल्या पत्र्यावर रंग मारला तर तो फुगा धरून निघतो, म्हणून धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. पत्रा पातळ होऊन टोचल्यावर वाकत असेल तर रंग विसरा, तेवढा भाग कापून नवा तुकडा जोडा.

वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. चिमटा लांब चॅसिसला लावला तर करंट बेअरिंग, पिन किंवा जॅकच्या दांड्यातून जातो आणि तिथे बारीक खड्डे पडतात.

खत वाहणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. रासायनिक खत आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतात, रात्रभर हौद्यात राहिलं तरी पत्रा खायला लागतात. त्या दिवशीचं त्याच दिवशी धुवा, खालून आधी.

तेलपाणी

बॅटरीचं राहिलं. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी उभी असताना १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. अर्ध्या बॅटरीवर भरलेला हौदा उचलू नका. व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टर (पंपाच्या मोटरला करंट देणारा स्विच) फडफडतो, त्याचे पॉइंट जळतात, कधी चिकटूनच बसतात. मग बटण सोडलं तरी मोटर चालूच राहते. म्हणून मेन स्विच हाताच्या अंतरावर हवा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, सुकवा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेलीचा हात.

रानवाट

मंडळी, मनापासून आभार. काम झालं ते सांगतो.

टेकूची पिन भिजवून ठोकून काढली, आता हातानं सरकते. जॅकला एकच होज निघाली. हायड्रॉलिकच्या कारागिराला बोलावून खाली सोडायचा व्हॉल्व्ह उघडला. सीटवर पांढऱ्या टेफ्लॉन टेपची बारीक चिंधी अडकलेली, नखाएवढीही नाही. आधी कोणीतरी जोडाला टेप गुंडाळली असणार, तिचाच तुकडा सुटून आत गेला. ती काढली, गाळणी धुतली, तेल बदललं. हौदा आता जिथे थांबवतो तिथे थांबतो. काँक्रीट चिपिंगनं निघालं, पुढच्या कोपऱ्यांतला थरही.

शेवटचा प्रश्न. पावसाळ्यात ट्रेलर उघड्यावरच असतो. हौदा थोडा उचलून ठेवू का, पाणी निघून जाईल म्हणून?

तेलपाणी

टेप काढलीत ते उत्तम, हायड्रॉलिकच्या जोडांना टेप वापरूच नये. उरलेले जोडही तपासून घ्या, तिथे टेप असेल तर काढा, नाहीतर पुढचा तुकडा येईलच.

हौदा उचलून ठेवू नका. जॅकचा दांडा बाहेर राहिला की क्रोमवर पाऊस बसतो आणि बारीक गंज धरतो, शिवाय कोणी पोर-बाळ खाली जायची भीती. हौदा पूर्ण खाली, दांडा पूर्ण आत.

पाना_पकड

पाण्यासाठी पुढचं स्टँड दोन-चार आटे फिरवून ट्रेलरचं तोंड वर करा, म्हणजे हौदा मागे उतरता होतो, आणि फाळका बोटभर उघडा ठेवा. चाकांना ठोकळे आधी लावा. ताडपत्री टाकणार असाल तर हौदा आधी रिकामा आणि कोरडा करा. ओली माती ताडपत्रीखाली राहिली तर उघड्यावर ठेवण्यापेक्षा जास्त गंजतो. आणि फाळक्याच्या खालच्या कडेची भोकं खिळ्यानं मोकळी करून ठेवा, ती नेहमी बुजलेली असतात.